पगार बुडवला? मग जहाज धरा

२ ऑगस्ट १७९३ रोजी ‘गव्हर्नर पॅरी’ हे जहाज जमैकाहून लिव्हरपूलला निघालं. कटर नावाचा माणूस त्यावर दुय्यम मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी होता. निघण्याआधी कप्तानाने त्याला एक चिठ्ठी लिहून दिली होती. लिव्हरपूलपर्यंत नीट काम केलंस, तर जहाज पोहोचल्यावर दहा दिवसांनी ३० गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून थोडी जास्त) देईन, एवढाच मजकूर. २० सप्टेंबरला कटर समुद्रातच वारला. जहाज ९ ऑक्टोबरला बंदराला लागलं.

त्याच्या बायकोने निदान काम केलेल्या दिवसांचा तरी पगार द्या म्हणून दावा लावला. १७९५ मध्ये लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयाने तो फेटाळला. एरवी या कामाचा दर महिन्याला ४ पौंड, म्हणजे दोन महिन्यांच्या सफरीला ८ पौंडांच्या आसपास होता. कटरने त्याच्या जवळजवळ चौपट रक्कम कबूल केली, म्हणजे ‘मिळालं तर सगळं, नाहीतर काही नाही’ हा धोका त्याने पत्करला होता, असं न्यायाधीश म्हणाले. तर्क बिनचूक आहे. त्या बाईच्या हातावर मात्र एक पैसाही पडला नाही. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही शिकतात.

शिडाच्या जहाजांच्या काळात खलाशाचा पगार बुडण्याचे मार्ग बरेच होते. माल भिजला की पगार कापत. जहाजावर घेतलेल्या कपड्यांचे पैसे कापत. १६९६ पासून ग्रिनिचच्या नौदल रुग्णालयासाठी महिन्याला सहा पेन्स कापत, तेही व्यापारी जहाजावरच्या माणसाकडून. पण या सगळ्यांवर कडी करणारा एक जुना नियम होता. मालाचं भाडं मिळालं तरच पगार. जहाज बुडालं, भाडं गेलं, की जिवानिशी किनाऱ्याला लागलेल्या खलाशालाही काही मिळत नसे. पगाराचा विमा काढायलाही त्याला मनाई. हातात काही उरणार नसेल तरच माणूस शेवटपर्यंत जहाज वाचवायला झटेल, असा त्यामागचा हिशोब. मालकाने मात्र जहाजाचा विमा खुशाल काढावा!

अशा स्थितीतही हजारो खलाशी कोर्टात गेले आणि पुष्कळांनी पैसे वसूल केले. ते कसं, हे समजायला ॲडमिरल्टी कोर्टाकडे, म्हणजे सागरी खटल्यांच्या न्यायालयाकडे वळावं लागतं. लंडनला सेंट पॉल कॅथेड्रलजवळच्या डॉक्टर्स कॉमन्समध्ये ते बसे. नेहमीच्या न्यायालयांत प्रत्येक खलाशाला वेगळा दावा लावावा लागे. इथे सगळे मिळून एकच दावा लावू शकत, म्हणून खर्च वाटला जाई. साक्षी लेखी नोंदवून घेत. साक्षीदार आठवड्याभरात दुसऱ्या जहाजावर चढून जाणार असेल, तर याचं मोल मोठं होतं.

खरी मेख आणखी पुढे आहे. दावा थेट जहाजावर लावता येई. मालक कोण, तो कुठे राहतो, जहाजात भागीदार किती, या भानगडीत पडायचंच नाही. कोर्टाचा माणूस बंदरात जाऊन वॉरंट डोलकाठीला लावी आणि जहाज अटकेत जाई. अटकेतलं जहाज हलत नाही, आणि न हलणारं जहाज मालकाला रोज खर्चात घालतं. जामीन भरा नाहीतर लिलाव बघा. पगाराचा हक्क जहाजाला असा चिकटलेला असे, की सातबाऱ्यावरच्या बोजासारखा तो नव्या मालकाकडेही जाई. नेहमीच्या न्यायालयांचा ॲडमिरल्टीच्या अधिकारांवर जुना राग. सतराव्या शतकात त्यांनी तिची बरीच कामं काढून घेतली, पण खलाशांच्या पगाराचे दावे तेवढे सोडले. कप्तानाला मात्र ही सोय नव्हती. त्याचा करार मालकाशी जमिनीवर झालेला, तेव्हा त्याने मालकाच्याच मागे लागावं.

१७२९ च्या कायद्याने लेखी करार सक्तीचा केला. करारपत्र मालकाने हजर केलं नाही, म्हणून खलाशाचा दावा पडणार नाही, असंही त्यात स्पष्ट केलं होतं. मग मालक करारातच नवनवी कलमं घुसवू लागले. जहाज लंडनला परतल्याशिवाय कुठल्याच टप्प्याचा पगार नाही, हे त्यातलं एक. १८२२ मध्ये ‘ज्युलियाना’ जहाजाच्या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड स्टोवेल यांनी ते धुडकावलं. सह्या करणाऱ्या माणसांना त्या कागदाचा अर्थ कितपत कळला असेल, हे त्यांनी पाहिलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा न्यायाधीश तो.

पण कोर्टाचा हात बंदरापुरताच. १६९४ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांची काही जहाजं स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात महिनोन्‌महिने अडकली होती. पगार थकला, आणि दाद मागायला जवळपास कोर्ट नाही. ७ मे रोजी ‘चार्ल्स दुसरा’ जहाजावरच्या खलाशांनी हेन्री एव्हरीच्या पुढाकाराने जहाजच पळवलं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १६९५ मध्ये, याच टोळीने मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं. सुरतेचे इंग्रज व्यापारी त्यापायी कैदेत पडले. मागे राहिलेले खलाशी इंग्लंडला परतून ॲडमिरल्टीत मालकांवर दावा लावून बसले. त्यांत विल्यम डॅम्पियर हा पुढे नावाजलेला जगप्रवासीही होता.

‘कमी माणसांत जास्त काम’ हा वादही कोर्टात गाजला. १८०९ च्या एका खटल्यात बाल्टिकच्या सफरीत दोन खलाशी पळाले होते. त्यांचा पगार तुमच्यात वाटतो, असं कप्तानाने उरलेल्यांना सांगितलं आणि लंडनला आल्यावर हात वर केले. कोर्ट म्हणालं, अडचणीत जास्त राबणं तुमच्या मूळ करारातच होतं. १८५७ मध्ये ‘मोबिल’ जहाजाच्या खटल्याचा निकाल उलटा लागला. ऑस्ट्रेलियाच्या पोर्ट फिलिपला ३६ पैकी १९ जण उरले, आणि त्यांतही मुरलेले खलाशी चार-पाचच. कप्तानाने मुंबईपर्यंत चला, वर ४० पौंड देतो म्हणून कबूल केलं. एवढ्या तुटपुंज्या माणसांत जहाज हाकणं जिवावरचं, तेव्हा जुना करार त्यांना बांधत नाही. नवा करार खरा, पैसे द्या, असा निकाल झाला. ‘भाडं नाही तर पगार नाही’ हा नियम ब्रिटिश संसदेने त्याआधीच, १८५४ मध्ये, मोडीत काढला होता.

जहाज धरण्याची युक्ती आपल्याकडेही चालू आहे. मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या जहाजावरचे खलाशी आज मुंबई उच्च न्यायालयात अटकेचा आदेश मागू शकतात. २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यात सागरी हक्कांच्या यादीत पगार पहिला आहे, जहाजावर कर्ज देणारी बँक त्याच्या मागे. इतर सागरी हक्क वर्षभरात संपतात, पगाराचा दोन वर्षं टिकतो.