कोठडीतील मृत्यू आणि साक्षीची विश्वासार्हता : पार्श्वभूमी

कोठडीतल्या मृत्यूचा खटला उभा राहिला, तरी प्रत्यक्षदर्शी कोण असतात? ड्युटीवरचे पोलीस आणि लॉकअपमधला दुसरा एखादा आरोपी. पोलीस सहकाऱ्याविरुद्ध बोलत नाहीत. आरोपी बोललाच, तर त्याच्यावरचे जुने गुन्हे वाचून दाखवले की बचाव पक्षाचं काम झालं. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढच्या कबुलीजबाबावर अविश्वास दाखवला. पोलिसांविरुद्धच्या साक्षीला मात्र नेहमीचीच मोजपट्टी राहिली.

१९७२ साली देसाईगंज (तेव्हाचा चंद्रपूर, आजचा गडचिरोली जिल्हा) पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात मुलीच्या अंगावर जखमा नाहीत हे धरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. त्यानंतरच्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं. कोठडीतला शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं स्त्रीने सांगितलं, तर संमती नव्हतीच असं न्यायालयाने गृहीत धरायचं.

कोठडीतल्या मारहाणीसाठी तसंच कलम ११४-ब विधी आयोगाने (सरकारला कायद्यातले बदल सुचवणारी संस्था) सुचवलं १९८५ मध्ये. त्याच वर्षी फतेहपूरच्या एका शेतकऱ्याच्या मृत्यूचा निकाल लागला होता. पोलिसाविरुद्ध लाचेची तक्रार केलेला हा माणूस रिमांडसाठी आणला गेला, तेव्हा दंडाधिकाऱ्याने त्याचा जबाब नोंदवला. तो मृत्युपूर्व जबाब ठरला आणि खटला तरला. पुराव्याचा भार कोणावर असावा याचा सरकारने फेरविचार करावा, असं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं. विधी आयोगाचं प्रस्तावित ११४-बही तसं मवाळच होतं. कोठडीच्या काळात इजा झाल्याचा पुरावा असेल, तर ती पोलिसांनीच केली असं न्यायालय 'मानू शकेल'. तेही कोठडीचा अवधी, जखमीचं म्हणणं, डॉक्टरची साक्ष आणि दंडाधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब पाहून. सक्ती कुठेच नव्हती. तरीही पोलिसांचं मनोधैर्य खचेल हा आक्षेप दरवेळी निघतोच. २०१७ मध्ये तीच शिफारस पुन्हा झाली. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी नवा साक्ष कायदा लागू झाला. त्यात ११४-अ आहे, कलम १२० म्हणून, ११४-ब नाही.

मधल्या काळात न्यायालयांनी आपल्या परीने वाट काढली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या एका निकालात पोलिसांच्या आपसातल्या बंधुभावावर थेट बोट ठेवलं गेलं आणि अशा खटल्यांत संशयातीत पुराव्याचा अतिरेकी आग्रह नको, असंही बजावलं गेलं. २०२० मध्ये त्याच न्यायालयाचा प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्हीचा आदेश निघाला, चित्रण शक्यतो १८ महिने जपायचं. त्यासाठी जबाबदार ठरवला गेला तो ठाण्याचाच प्रभारी अधिकारी. २०२५ मध्ये बंद कॅमेऱ्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली.