मायनस ८०५: प्रोग्रॅम आहे, पण डेटाबेस ओळख देत नाही

डिसेंबरातली पहाट, साडेतीनची वेळ. पुण्यात गारठा होता. ज्या इंग्रज विमा कंपनीचं काम आम्ही पाहायचो, तिथे रात्रीचे दहा वाजले होते आणि बॅच, म्हणजे रात्री एकगठ्ठा चालणारी कामं, नुकतीच सुरू झाली होती. ड्यूटीवरच्या मुलाचा फोन आला. "सर, प्रीमियमचा जॉब पडलाय. मायनस ८०५ देतोय. पण बाइंड तर संध्याकाळीच केलाय, झिरोने गेलाय."

झिरोने जाणं म्हणजे काम विनातक्रार पार पडणं. मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य संगणकावर, प्रत्येक पायरी संपताना एक आकडा मागे ठेवून जाते आणि शून्य आला की सगळं आलबेल समजायचं. इथे बाइंड, म्हणजे प्रोग्रॅमची डेटाबेसकडे नोंद करायची पायरी, शून्याने गेला होता, प्रोग्रॅम त्याच्या जागी होता, टेबलं शाबूत होती. तरी डेटाबेस प्रोग्रॅमला ओळख द्यायला तयार नव्हता.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर केली. आजचे झेड मेनफ्रेम त्याच घराण्यातले आहेत. बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्यांचे मोठे हिशेब आजही या यंत्रांवर चालतात, आणि तिथला डेटाबेस बहुतेक वेळा डीबी२ असतो. मेनफ्रेमसाठी तो १९८३ साली जाहीर झाला. त्याच्यामागचा विचार, म्हणजे सगळी माहिती साध्या तक्त्यांत मांडायची हा, एडगर कॉड यांनी १९७० च्या शोधनिबंधात मांडला होता. त्या काळापासून कोबॉल या भाषेत लिहिले गेलेले प्रोग्रॅम या तक्त्यांशी बोलतात. ते कसं बोलतात हे कळलं की मायनस ८०५ चं कोडं सुटतं.

कोबॉलच्या प्रोग्रॅममध्ये अधूनमधून एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला काम सांगायच्या भाषेतली, वाक्यं असतात: अमुक पॉलिसीची नोंद आण, तमुक हप्ता जमा कर. पण कोबॉलच्या कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याला, मुळात एसक्यूएल कळत नव्हतं. म्हणून आधी प्रीकंपायलर प्रोग्रॅमचे दोन भाग करतो. एका भागातून एसक्यूएलची वाक्यं काढून घेऊन त्यांच्या जागी डीबी२ ला हाक मारणाऱ्या ओळी घातल्या जातात. हा भाग कंपाइल आणि लिंक होऊन लोड मॉड्यूल बनतो. काढून घेतलेली वाक्यं दुसऱ्या भागात जातात, त्याला डीबीआरएम म्हणतात. हा डीबीआरएम डीबी२ च्या स्वाधीन करणं म्हणजे बाइंड. बाइंड करताना डीबी२ प्रत्येक वाक्य तपासतो, कुठल्या इंडेक्सवरून जायचं ते ठरवतो आणि तयार झालेली योजना पॅकेज म्हणून स्वतःजवळ ठेवतो.

ग्रामपंचायतीत घरपट्टी भरली की पावती आपल्या हातात येते आणि स्थळप्रत पुस्तकात राहते. दोन्हींवर नंबर एकच असतो. इथेही तसंच आहे. लोड मॉड्यूल ही पावती, पॅकेज ही स्थळप्रत. दोन्हींवर ८ बाइटचा एकच शिक्का उमटतो, त्याला कन्सिस्टन्सी टोकन म्हणतात. प्रोग्रॅम चालू झाला आणि त्याने पहिली हाक मारली की डीबी२ त्याच नावाचं आणि त्याच टोकनचं पॅकेज शोधतो. मिळालं नाही, तर मायनस ८०५. प्रोग्रॅमने कुठली पॅकेजं वापरायची त्याच्या यादीला प्लॅन म्हणतात. पूर्वी डीबीआरएम थेट प्लॅनमध्येही बांधता यायचे. तिथे टोकन जुळलं नाही की मायनस ८१८ यायचा.

नव्या मुलांना हा काटेकोरपणा अतिरेकी वाटतो. नाव तर तेच आहे, मग चालवून का घेत नाही? याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. लोड मॉड्यूलमध्ये एसक्यूएलचं वाक्य शिल्लकच नसतं. तिथे उरतो एक क्रमांक. प्रोग्रॅम डीबी२ ला एवढंच सांगतो की सातव्या सेक्शनमधलं काम कर आणि उत्तर मेमरीत या ठिकाणी ठेव. समजा, काल प्रोग्रॅमरने मधे एक नवं वाक्य घातलं आणि पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकले. आता जुन्या मॉड्यूलने नव्या पॅकेजकडे सातवं काम मागितलं, तर जिथे नोंद वाचायची होती तिथे नोंद पुसली जाऊ शकते. कसलीही चूक दिसणार नाही, आकडाही शून्यच येईल. टोकन नसतं तर हे घडलं असतं. टोकनची तपासणी टाळायची पळवाट प्रीकंपायलरमध्ये आहे, लेव्हल नावाचा पर्याय. मी तो कधी वापरला नाही आणि कुणाला वापरू दिला नाही.

त्या पहाटे मी त्या मुलाला चुकीचा संदेश शब्दन् शब्द वाचायला लावला. मायनस ८०५ चा संदेश लांबलचक असतो. ठिकाण, कलेक्शन म्हणजे पॅकेजांचा गट, प्रोग्रॅमचं नाव, मग टोकनची १६ चिन्हं आणि त्यापुढे प्लॅनचं नाव. घाईत लोक आकडा पाहतात आणि बाकीचं सोडून देतात, पण खरी माहिती तिथेच असते. मग डीबी२ च्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे कॅटलॉगमधल्या सिसपॅकेज या टेबलात, त्या प्रोग्रॅमची पॅकेजं आणि त्यांची टोकनं काढायला सांगितली. पॅकेज एकच होतं आणि त्याचं टोकन वेगळं होतं. बाइंडची तारीख तीन महिन्यांपूर्वीची.

"मग संध्याकाळचा बाइंड गेला कुठे?" मी विचारलं. थोडा वेळ फोनवर फक्त कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "सर, जॉबमध्ये सिस्टिमचं नाव टेस्टचं आहे."

एका अक्षराचा फरक होता. बाइंड खरंच शून्याने गेला होता, पण चाचणीच्या डेटाबेसवर. नवं लोड मॉड्यूल मात्र प्रॉडक्शनच्या लायब्ररीत पोचलं होतं. पावती एका गावची, स्थळप्रत दुसऱ्या गावच्या पुस्तकात. नाव दुरुस्त करून तोच डीबीआरएम पुन्हा बाइंड केला. इथे रीबाइंड करून भागत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. रीबाइंड जुन्याच पॅकेजची योजना नव्याने आखतो, डीबीआरएमकडे पाहतच नाही, त्यामुळे टोकन जुनंच राहतं. प्रोग्रॅम पहिल्याच एसक्यूएलवर अडला होता, म्हणून एकही नोंद बदललेली नव्हती. जॉब त्याच स्टेपपासून पुन्हा सुरू केला.

प्रोग्रॅमला दारातच अडवणारं दुसरं कारण असतं परवानगी. नव्या माणसांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच उडालेला मी पाहिला आहे. एखादा प्रोग्रॅमर दिवसभर ज्या प्रोग्रॅममधून खातं बदलत असतो, तेच टेबल स्पुफीच्या, म्हणजे हाताने एसक्यूएल चालवायच्या साधनाच्या, पडद्यावरून थेट बदलायला गेला की डीबी२ मायनस ५५१ तोंडावर फेकतो: तुला हा अधिकार नाही. मग तो तक्रार घेऊन येतो की सिस्टिम बिघडली.

सिस्टिम बिघडलेली नसते. बँकेच्या खिडकीवर पैसे भरायचा हक्क प्रत्येक खातेदाराला असतो, पण म्हणून काही कुणाला आत जाऊन खातेवही उघडता येत नाही. प्रोग्रॅममधल्या कायमच्या एसक्यूएलचं तसंच आहे. टेबलाला हात लावायचा अधिकार बाइंडच्या वेळी पॅकेजच्या मालकाकडे आहे का ते तपासलं जातं. चालवणाऱ्याकडे फक्त एक्झिक्यूटचा, म्हणजे खिडकी वापरायचा हक्क असावा लागतो. खिडकीतून काय होईल ते प्रोग्रॅमच्या तर्काने आधीच बांधून टाकलेलं असतं. लाखो लोकांच्या पैशाला यापेक्षा चांगलं कुंपण मी पाहिलेलं नाही. म्हणूनच काहीतरी अडलं की घाईने "त्याला सिसअॅडम देऊन टाका" म्हणणाऱ्याला मी ठाम नकार देतो. सिसअॅडम हा डीबी२ मधला जवळपास सर्वाधिकार आहे. तो दिला की पहाटेचा फोन बंद होतो, पण कुंपणही जातं.

ही कल्पना डीबी२ च्याही आधीची आहे. अपोलो मोहिमेच्या अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळायला आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांसोबत १९६६ पासून आयएमएस हे माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर तयार केलं. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे 'आयएमएस रेडी' हे शब्द पहिल्यांदा टर्मिनलवर उमटले. आयएमएसमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसाठी पीएसबी नावाचा तक्ता असतो. प्रोग्रॅमने माहितीचा कुठला भाग पाहायचा आणि फक्त वाचायचा की बदलायचाही, हे त्यात लिहिलेलं असतं. वाचायचीच मुभा असलेल्या प्रोग्रॅमने लिहायला हात घातला की एएम ही दोन अक्षरं परत येतात.

परवानगीच्या बाबतीत डीबी२ मध्ये एक खाचखळगा आहे, त्यात आमच्यातले बरेच जण पडले आहेत. एका सोमवारी दुपारी अडीच वाजता, तिकडचं ऑफिस नऊला उघडल्याबरोबर, ओळीने फोन सुरू झाले. पॉलिसी पाहायचा पडदा कुणालाच उघडत नव्हता. आमच्याकडे ज्याने रविवारी प्लॅन नव्याने बाइंड केला होता, त्याच्या आयडीवर मात्र सगळं सुरळीत होतं. "माझ्याकडे तर चालतंय," तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि ते खरंही होतं. कारणाचा कोड होता ००एफ३००३४. या कोडचे अर्थ दोन: एकतर या माणसाला तो प्लॅन वापरायची परवानगी नाही, नाहीतर त्या नावाचा प्लॅनच अस्तित्वात नाही. म्हणून आधी प्लॅनच्या नावाचं स्पेलिंग पाहायचं. ते बरोबर होतं.

मग सिसप्लॅनऑथ हे टेबल उघडलं. परवानग्यांच्या जिथे शेकड्याने ओळी असायच्या, तिथे एकच ओळ उरली होती, मालकाची. असलेला प्लॅन बाइंडने बदलताना रिटेन हा शब्द लिहिला नाही, तर मालक सोडून बाकी सगळ्यांचा एक्झिक्यूटचा हक्क पुसला जातो. मालकाला काही कळतही नाही, कारण त्याची परवानगी शाबूत असते. सुदैवाने जुन्या ग्रँटची, म्हणजे परवानगी देणाऱ्या आदेशांची, फाइल आमच्याकडे जपलेली होती. ती चालवायला एक मिनिटही लागलं नाही. फोनवरच्या बाईंना मी पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं. त्यांनी एंटर दाबलं आणि समोरच्या पॉलिसीवरचं नाव मला मोठ्याने वाचून दाखवलं.