ऑकलंड सिटीचा महापौर आणि ऑकलंडचा महापौर

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला महापौर कधीपासून आहे, असं विचारलं तर १८७१ पासून, असं उत्तर हमखास मिळतं. पहिले महापौर फिलिप फिलिप्स. पण आज वेन ब्राउन ज्या पदावर आहेत, ते पद २०१० सालचं आहे. नाव जवळपास तेच, सभाही क्वीन स्ट्रीटवरच्या १९११ सालच्या त्याच टाउन हॉलमध्ये भरते. म्हणून एकच पद चालत आलं असं वाटतं. माझ्या मते हा गोंधळ निस्तरायलाच हवा, कारण त्यापायी वेगवेगळ्या अधिकारांची माणसं एकाच मापानं मोजली जातात.

जुनं पद ‘ऑकलंड सिटी’चं. दोन बंदरांमधल्या चिंचोळ्या भूपट्टीवरचं हे शहर. २०१० मध्ये वस्ती साधारण साडेचार लाख. उत्तरेला नॉर्थ शोर, पश्चिमेला वाइताकेरे, दक्षिणेला मानुकाऊ ही शेजारची शहरं, आणि प्रत्येकाला आपापला महापौर. १ नोव्हेंबर २०१० ला ही चारही शहरं, रॉडनी, पापाकुरा व फ्रँकलिन हे तीन जिल्हे आणि प्रादेशिक परिषद यांच्या जागी एकच ऑकलंड कौन्सिल आलं. इथेच लोक चुकतात. ऑकलंड सिटीनं शेजाऱ्यांना पोटात घेतलं नाही, तीही त्यांच्यासोबत बरखास्त झाली. नव्या पदासाठी ऑकलंड सिटीचे महापौर जॉन बँक्स उभे होते, मानुकाऊचे महापौर लेन ब्राउनही उभे होते. निवडून आले ते मानुकाऊचे.

अधिकारांतला फरक रेल्वेच्या गोष्टीत नीट दिसतो. डव्ह-मायर रॉबिन्सन, लोकांचे ‘रॉबी’, दोन खेपांत मिळून अठरा वर्षं ऑकलंड सिटीचे महापौर होते. महानगरासाठी जलद रेल्वे हवी म्हणून ते वर्षानुवर्षं झटले. पण रूळ जायचे ते दुसऱ्यांच्या हद्दीतून, आणि पैसा होता केंद्र सरकारकडे. रेल्वे झाली नाही. लेन ब्राउन यांनी शहराखालच्या भुयारी रेल्वेचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्यामागे अख्ख्या महानगराचं अंदाजपत्रक होतं. सरकारनं अर्धा वाटा उचलला, २०१६ मध्ये काम सुरू झालं. रॉबींची जिद्द मला कुठेच कमी वाटत नाही. त्यांची हद्दच तेवढी होती.

नवा महापौर उपमहापौर स्वतः नेमतो, समित्या आणि त्यांचे अध्यक्ष ठरवतो, अंदाजपत्रकाचा प्रस्ताव मांडतो. त्याच्या कार्यालयाला कौन्सिलच्या चालू खर्चाच्या किमान ०.२ टक्के रक्कम कायद्यानंच मिळते. (नेमणुकांचे अधिकार २०१३ पासून देशातल्या इतर महापौरांनाही मिळाले.) तरी मत मात्र एकच, वीस नगरसेवकांतून बहुमत जमवावंच लागतं.

आपल्याकडच्या वाचकानं एक ध्यानात ठेवावं. मुंबई-पुण्यात महापौर नगरसेवक निवडतात आणि कारभाराची सूत्रं राज्य सरकारनं नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. ऑकलंडमध्ये मुख्य अधिकारी कौन्सिल नेमतं, आणि महापौर थेट मतदार निवडतात, दर तीन वर्षांनी. ही थेट निवड मात्र दोन्ही पदांना सारखीच होती, फरक तिथे शोधू नये.

मानुकाऊचं महापौरपद २०१० मध्येच संपलं. बॅरी कर्टिस यांनी ते १९८३ पासून सलग चोवीस वर्षं सांभाळलं होतं. आज मानुकाऊ नावाचा एक वॉर्ड आहे, तिथून दोन नगरसेवक निवडून जातात. खाली स्थानिक मंडळं आहेत, महानगरभर एकवीस; उद्यानं, वाचनालयं अशी जवळची कामं ती पाहतात. त्यांच्या अध्यक्षांना कधीकधी जुन्या महापौरांचे वारस समजलं जातं, पण महापौर ही पदवी आता अख्ख्या ऑकलंडमध्ये एकाच व्यक्तीकडे आहे.