पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवा

गाडी स्वच्छ धुवा, कोरडी करा. मग एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी मोज्यासारखी हातात चढवा आणि बोटांची टोकं बॉनेटवरून हलकेच फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटलेला पत्रा पिशवीतून वाळू सांडल्यासारखा लागतो. पहिल्यांदा करणारा माणूस हमखास पिशवी उलटी करून बघतो, की हिलाच काही चिकटलंय का.

पिशवीचा दोष नसतो. १९७५ साली 'नेचर' या नियतकालिकात गॉर्डन आणि कूपर या संशोधकांनी दाखवलं होतं, की बोट आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पातळ कागद ठेवला तर बारीक उंचसखलपणा बोटाला जास्त चांगला कळतो. पुढे सुझन लेडरमन यांनी त्याचं कारण मांडलं. उघडं बोट घसरताना कातडी मागे ओढली जाते आणि या ओढीच्या गोंगाटात बारीक खडबडीतपणाचा संदेश बुडून जातो. मध्ये कागद आला की ओढ कमी होते, संदेश ऐकू येतो. पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिरांना ही युक्ती आधीपासून ठाऊक होती.

मग ती खरखर कशाची? धूळ तर धुण्यातच गेली. उरतं ते रंगाला धरून बसलेलं: झाडाचा चीक, डांबराचे शिंतोडे, जवळपास कुठे स्प्रे पेंटिंग चाललं असेल तर त्याचे तुषार. आणि सर्वांत चिवट म्हणजे लोखंड. ब्रेक दाबला की चकती आणि पॅड एकमेकांना खातात. बिडाच्या चकतीतून लोखंडाचे सूक्ष्म कण सुटतात, तेही तापलेले, आणि रंगावर जाऊन बसतात. ओल मिळाली की गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे कण फुगतो आणि आणखी घट्ट रुततो. पांढऱ्या गाडीवर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसतात, ते बहुतेक वेळा हेच असतात. गाडीला गंज चढला म्हणून लोक घाबरतात. पत्रा बिचारा खाली सुखरूप असतो.

हे कण नखाने खरवडावेसे वाटतात. त्याआधी खाली काय आहे ते पाहू. कारखान्यातून आलेल्या गाडीवर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि डोक्यावरचा एक केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे पत्रा आणि जग यांच्यात दोन केसांएवढं अंतर. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, एका केसाहूनही पातळ. चकाकी त्याची, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी रसायनंही त्याच्यातच. तो झिजला की पुन्हा वाढत नाही.

इथे क्ले बार, म्हणजे रंगावर रुतलेले कण उपटून काढणारी मऊ वडी, कामाला येतो. नावात माती असली तरी कुंभाराच्या मातीशी त्याचं नातं नाही. पॉलिब्यूटीन या मऊ, चिकट पॉलिमरमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका यांसारख्या खनिजांची अतिशय बारीक भुकटी मळलेली असते. हाताला लागतो लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखा. जपानच्या तादाओ कोदाते यांना १९९५ साली अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं. पेटंटातल्या नावाचं मराठी करायचं तर 'लवचीक सहाण' म्हणावं लागेल, आणि मला ते नाव क्ले बारपेक्षा प्रामाणिक वाटतं. सहाण म्हटलं की ही वस्तू झिजवू शकते, हे विसरायला होत नाही.

तरीही नीट वापरलेला क्ले बार रंग झिजवत नाही, कारण नीट वापरलेला क्ले बार रंगाला जवळजवळ टेकतच नाही. पत्र्यावर आधी साबणाचं पाणी किंवा त्यासाठी मिळणारं बुळबुळीत द्रावण भरपूर फवारतात. क्ले त्या पातळ थरावर तरंगत सरकतो. रंग सपाट आहे तिथे मध्ये द्रव असतो. जिथे कण वर आलेला असतो, तिथे तो द्रवाचा थर भेदून क्लेत घुसतो. क्ले चिकट असल्याने त्याला धरतो आणि हात पुढे सरकला की कडेने ओढून उपटतो. सुटलेला कण क्लेच्या पोटात जातो. उंच तेवढंच पकडायचं आणि सपाटाला सोडून द्यायचं, ही निवड क्ले करत नाही, द्रवाचा थर करतो. म्हणून क्ले कितीही महागाचा असला तरी फवारणीत काटकसर केली तर तो नुसती सहाण होतो.

हा थर कधी टिकतो आणि कधी फाटतो, याचा अभ्यास जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रीबेक यांनी १९०२ च्या सुमारास यंत्रांच्या बेअरिंगवर केला होता. दाब वाढला किंवा द्रव फारच पातळ असला की मधला थर चेपतो आणि दोन पृष्ठभाग एकमेकांना भिडतात. बॉनेटवरही तेच. जोर लावला की काम लवकर होत नाही, थर फाटतो. नुसतं पाणीही इथे कमी पडतं. पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्याने, विशेषतः मेण लावलेल्या रंगावर, त्याचे थेंब होतात आणि थेंबांच्या मध्ये कोरडी बेटं राहतात. साबणाने पृष्ठताण उतरतो आणि पाणी पसरतं.

एवढं लक्षात आलं की कृती पाठ करावी लागत नाही. गाडी आधी नीट धुवायची, कारण सुटी धूळ आणि वाळू क्लेखाली सापडली तर तीच रंग ओरबाडते. वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षाही कठीण असतं. सावलीत, पत्रा हाताला गार लागत असतानाच काम करायचं, नाहीतर फवारलेलं मिनिटभरात सुकतं. एका वेळी दोन फूट लांब-रुंद जागा घ्यायची. अख्खी वडी घेऊ नये, तोडून चपटा तुकडा करावा, तीन बोटांखाली मावेल एवढा. छतापासून सुरुवात करून खाली यायचं. दाराचा खालचा भाग आणि चाकांच्या कमानींजवळची जागा सगळ्यात शेवटी, जमल्यास वेगळ्या तुकड्याने. सर्वांत जास्त डांबर आणि खडे तिथेच असतात.

आता हात. बोटांचं वजन असेल तेवढाच दाब. सुरुवातीला क्ले अडखळतो, किंचित कुरकुर ऐकू येते. त्याच जागी सरळ रेषेत मागे-पुढे सरकवत राहिलं की कुरकुर थांबते आणि क्ले एकदम सुळकन निसटू लागतो. झालं, तिथे आणखी घासण्यात अर्थ नाही. अडखळणं बदलतच नसेल तर जोर न वाढवता फवारा वाढवायचा. प्रत्येक टप्प्यानंतर तुकडा उलटून बघायचा. करडे-तपकिरी पट्टे दिसले की आत दुमडून, मळून स्वच्छ बाजू वर आणायची. दुमडूनही स्वच्छ बाजू सापडेनाशी झाली की त्याचं आयुष्य संपलं.

आणि तो खाली पडला तर? टाकून द्यायचा, वाद नाही. मी एकदा हा वाद स्वतःशी घातला होता. नवा तुकडा, जेमतेम दोन पॅनेल झाली होती, म्हणून पाण्याने खळखळून धुतला आणि पुन्हा लावला. चिकट वस्तूत रुतलेले खडे पाण्याने निघत नाहीत, हे दारावर उमटलेल्या बारीक समांतर रेघांनी शिकवलं. तेव्हापासून मी वडीचे आधीच चार तुकडे करतो. पडला तर एकच जातो, आणि जीव कमी जळतो.

सरळ रेषेचा आग्रह का? उन्हात गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना असतात. त्यातले जे योग्य कोनात असतात तेच प्रकाश डोळ्यांकडे परतवतात, आणि तेवढ्यांचं मिळून वर्तुळ भासतं. गोल गोल घासलं तर कुठूनही बघा, काही ओरखडे चमकणारच. एकाच दिशेचे ओरखडे थोड्याच कोनांतून दिसतात. चूक झालीच तर ती कमी दिसावी, एवढाच त्यातला शहाणपणा. काळ्या गाडीवाल्यांना हे सांगावं लागत नाही.

क्लेच्या आधी लोखंडावर रासायनिक उपाय केला तर क्लेचं काम बरंच हलकं होतं. 'आयर्न रिमूव्हर' नावाने मिळणाऱ्या फवाऱ्यांत बहुधा थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो. तो लोखंडाशी संयोग पावतो आणि पत्र्यावरून जांभळट ओघळ येऊ लागतात. गाडीला जखम झाल्यासारखं दिसतं. वास मात्र उग्र, गंधकी. केस कुरळे करण्याच्या द्रावणाला येतो तसाच, कारण तिथेही हेच रसायन असतं. हातमोजे घालावेत, उघड्यावर फवारावं आणि सुकण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन टाकावं.

क्लेकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. तो वर आलेलं काढतो, खाली गेलेलं भरत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेने क्लिअर कोटला पाडलेला चट्टा, क्षारयुक्त पाण्याच्या थेंबांनी कोरलेले गोल डाग, जुने ओरखडे हे सगळे खड्डे आहेत. त्यांना पॉलिशच लागतं, आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोट खरोखरच थोडा झिजवणं. काही वेळा क्लेनंतरही रंगावर धुरकट छटा येते, विशेषतः कडक प्रतीचा क्ले वापरला तर. त्यामुळे मऊ प्रतीपासून सुरुवात करावी आणि कोपऱ्यातल्या हातभर जागेवर आधी करून बघावं. मॅट रंगाच्या गाडीला क्ले लावूच नये. तिथे सौंदर्यच सूक्ष्म खडबडीतपणात असतं. घासलेली जागा चमकू लागते आणि तो डाग पुन्हा मॅट होत नाही. नुकताच नवा रंग दिलेलं पॅनेलही काही आठवडे तसंच ठेवावं, आतला द्रावक उडून रंग पुरता कडक व्हायला तेवढा वेळ लागतो.

क्लेबरोबर जुनं मेणही निघून जातं. म्हणजे काम संपतं तेव्हा क्लिअर कोट स्वच्छ असतो आणि उघडाही. मायक्रोफायबरने पुसून त्याच दिवशी मेण किंवा सीलंट (मेणासारखंच, पण कृत्रिम संरक्षक लेपण) लावावं. गुळगुळीत झालेल्या रंगावर ते एकसारखं बसतं. हे सगळं वर्षातून एकदा, फार तर दोनदा, आणि तेही पिशवीतल्या बोटांना खरखर लागली तरच. दर महिन्याला क्ले फिरवणारे हौशी लोक असतात. त्यांच्या गाड्या चकाकतात खऱ्या, पण प्रत्येक फेरीला द्रवाचा थर फाटण्याची एक संधी असते, आणि त्या बदल्यात उपटायला कणही उरलेले नसतात.

हातात तुकडा आणि बाटलीत द्रावण उरलंच असेल तर पुढच्या काचेवरून एक हात फिरवा. वायपर थरथरत, आवाज करत चालत असेल तर पुष्कळदा दोष रबराचा नसून काचेवरच्या याच कणांचा असतो.