कचऱ्याच्या गाडीत पाणीच जास्त

भाज्यांची देठं, कलिंगडाची सालं, चहाचा चोथा, उरलासुरला भात. पुण्यातल्या कुठल्याही घरातल्या ओल्या कचऱ्यात साधारण 70 ते 80 टक्के वजन निव्वळ पाण्याचं असतं. दहा टन ओला कचरा भरून ट्रक हडपसरच्या पुढे फुरसुंगीच्या कचरा डेपोकडे निघाला, की त्यात सात-आठ टन पाणीच भरलेलं असतं. कचरा जागच्या जागी जिरवावा यासाठी बरेच मुद्दे मांडले जातात, आणि ते खरेही आहेत. पण मला विचाराल तर निम्मा वाद या पाण्यापाशीच मिटतो.

पूर्वी पुण्याचा कचरा डेपो कोथरूडला होता. शहर वाढत त्याच्या दारात पोचलं आणि नव्वदच्या दशकात तो उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. तिथे ढिगाच्या पोटात काय होतं? वरच्या वजनाने खालचा ओला थर दबतो, हवा संपते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. ते आम्लं तयार करतात, मग मिथेन, आणि सोबत सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. मिथेन पेट घेतो, म्हणून ढीग धुमसत राहतात. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट उष्णता अडवतो, ते वेगळंच. कचऱ्यातलं पाणी ही आम्लं, जुन्या बॅटऱ्यांतले धातू असं सगळं विरघळवत काळं होऊन खाली झिरपतं. कचरा पुणेकरांचा आणि विहिरी फुरसुंगीकरांच्या. तिथली आंदोलनं उगाच झाली नाहीत.

मग जाळून वीज करावी? पाणी तिथेही आडवं येतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2.6 मेगाज्यूल उष्णता लागते. किलोभर ओल्या कचऱ्यातला कोरडा भाग जेमतेम पाव किलो. तो जळून जी उष्णता देतो, तिच्यातली जवळजवळ निम्मी त्याच कचऱ्यातलं पाणी उडवण्यात खर्च होते.

गंमत अशी, की खताच्या खड्ड्यात हेच पाणी फुकटात उडतं. नीट चाललेला सोसायटीचा खड्डा थंडीच्या सकाळी उकरला तर वाफ येते आणि आतला काळपट भाग हाताला चटका बसेल इतका गरम लागतो. हवा मिळालेले जिवाणू कचरा खाताना तापमान 55-60 अंशांपर्यंत नेतात. त्यात रोगजंतू आणि तणाचं बी मरतं, पाणी उडतं आणि ढीग खाली बसतो. अट एकच: त्यांना कार्बन आणि नायट्रोजन साधारण 25-30 ला 1 या प्रमाणात हवेत. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, वाळक्या पानांत कार्बन जास्त. शिवाय पानांमुळे ढीग पोकळ राहतो, हवा खेळते. तरीही फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत आपल्याकडे पालापाचोळा झाडून सरळ पेटवतात आणि जुलैत खड्ड्याला वास सुटला की माळ्यावर ओरडतात. चार पोती पानं आडोशाला ठेवली असती तर पावसाळा निभावला असता.

सुक्या कचऱ्याचंही तेच. आमटी सांडलेला पुठ्ठा भंगारात कवडीमोल होतो, कारण ओला झाला की त्याचा तंतू कुजायला लागतो. 1993 साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली आणि 2008 पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर करार करून दारोदारचा कचरा उचलू लागली. त्यांच्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये दहा मिनिटं उभं राहून बघावं. ताई पिशवी मुठीत चुरगळतात. दुधाच्या पिशवीसारखी मऊ, बिनआवाजाची असेल तर एका पोत्यात. बिस्किटाच्या पुड्यासारखी कुरकुरली तर दुसऱ्या. पहिलीत एकाच जातीचं प्लास्टिक असतं, ते वितळवून पुन्हा वापरता येतं. दुसरीत थरावर थर चिकटवलेले, ते सुटे करणं परवडत नाही. हे ओळखायला प्रयोगशाळेत महागडी उपकरणं लागतात. पण हातात खरकट्याने लडबडलेली पिशवी आली, की हा कानही निरुपयोगी.

विकेंद्रीकरणाच्या, म्हणजे कचरा जागच्या जागी जिरवण्याच्या, नावावर मात्र काहीही खपवलं जातं. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांनी रोज 100 किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना तो शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं आणि '24 तासांत खत' देणारी यंत्रं सोसायट्यांच्या तळघरात येऊन बसली. यातली बरीचशी यंत्रं वीज जाळून कचरा फक्त वाळवतात. बाहेर पडणारी तपकिरी भुकटी दिसते छान, पण ती वाळलेली भाजीच. सेक्रेटरींनी बिल मंजूर करण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. मूठभर भुकटी ओली करून पिशवीत बांधून आठवडाभर ठेवा. आंबूस वास आला तर कुजणं अजून व्हायचंय. किंवा ती मातीत मिसळून मेथी पेरा. शेजारच्या नुसत्या मातीतली मेथी वर आली आणि ही आली नाही, तर यंत्रवाल्याला बोलावून घ्या.