मुशीत क्लोरीन: फ्रान्सिस बोयर मिलर यांची रीत

ऑस्ट्रेलियात १८५१ मध्ये सोने सापडले आणि १४ मे १८५५ रोजी सिडनीत रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची, ब्रिटनबाहेरची पहिली शाखा सुरू झाली. तिथे सोन्याचा कस तपासणाऱ्यांपैकी विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स १८५९ मध्ये परतले आणि अर्थशास्त्रज्ञ म्हणून गाजले. फ्रान्सिस बोयर मिलर मात्र मुशीपाशीच राहिले.

अडचण चांदीची होती. खाणीतल्या सोन्यात ती असतेच, आणि वेगळी काढली नाही तर नाण्यात फुकट जाते. सिडनीचे सुरुवातीचे सॉव्हरिन (सोन्याचे ब्रिटिश नाणे) फिकट दिसतात ते त्यामुळेच. शिसे तर हजारात एक भाग असले तरी नाण्यांसाठीची सोन्याची पट्टी लाटताना तडकते. नत्राम्लाने (नायट्रिक आम्लाने) चांदी सुटते, पण त्यासाठी आधी सोन्यात तिप्पट चांदी मिसळावी लागते. नाहीतर सोन्याच्या आड दडलेल्या चांदीपर्यंत आम्ल पोचत नाही. कस तपासायच्या अर्ध्या ग्रॅमला हे परवडते, टांकसाळीच्या मालाला नाही.

वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडून चांदीचे क्लोराइड करायचे आणि ते वेगळे काढायचे, ही कल्पना लुईस थॉम्पसन यांनी १८३८ मध्येच मांडली होती. ती भट्टीवर चालवून दाखवली मिलर यांनी. पेटंट १८६७ चे. मूस मातीची घ्यायची आणि टांकणखारात (बोरॅक्समध्ये) भिजवायची, म्हणजे चांदीचे क्लोराइड तिच्यात झिरपत नाही. नुसती ग्राफाइटची मूस चालत नाही, ती बाहेर आधाराला. वितळलेल्या सोन्याच्या रसावर टांकणखाराचा थर द्यायचा आणि चिनीमातीच्या पाइपसारखी बारीक मातीची नळी तळापर्यंत बुडवायची. मॅंगनीज डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लापासून क्लोरीन तयार होतो. रस जड, म्हणून गॅसला जोर हवा: सोन्याच्या दर इंच खोलीमागे आम्लाचा सुमारे १६ इंच उंच स्तंभ. हा स्तंभ ज्या काचेच्या उभ्या नळीत चढतो, तीच दाबमापकाचे काम करते.

शिसे, जस्त, अँटिमनी यांची क्लोराइडे बहुतांशी धूर होऊन उडतात. चांदीचे क्लोराइड हलके, ते वर तरंगते. त्या तापमानाला सोन्याचे क्लोराइड टिकत नाही, म्हणून चांदी शिल्लक असेतो सोने सहसा वाचते. खरे कसब थांबण्यात आहे. धुरात पांढऱ्या नळीचा तुकडा धरायचा. त्यावर तांबूस-तपकिरी डाग उमटला की गॅस बंद. उशीर केला तर सोने धुराड्यात जाते.

मग सोने गोठू द्यायचे आणि अजून पातळ असलेले क्लोराइड ओतून घ्यायचे. त्यात सोन्याचे बारीक कण अडकतात. थोडा धुण्याचा सोडा टाकून ते वितळवले की काही चांदी मोकळी होते आणि कण सोबत घेऊन तळाशी बसते. उरलेले क्लोराइड लोखंड किंवा जस्ताने मोडून चांदी मिळते. या कामाचे उपकरण सिडनी टांकसाळीतल्या अ‍ॅडॉल्फ लायबियस यांचे.

१८७२ मध्ये मेलबर्नची टांकसाळ उघडली तेव्हा मिलर तिथे गेले. १८८७ मध्ये ते वारले. त्यांच्या रीतीने सोने सुमारे ९९.५ टक्क्यांपर्यंत पोचते, पण प्लॅटिनम आत तसेच राहते; ते काढायला एमिल व्होलविल यांची विजेची रीत लागते.