चॅरिटी रन आणि मदतनिधीच्या सायकल राइड

चॅरिटी रन म्हणजे एखाद्यानं अंगाला झेपेल-न झेपेल असं लांब अंतर पळायचं, चालायचं, पोहायचं किंवा सायकलवर कापायचं आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगायचं की बाबांनो मी हे करतोय, तुम्ही त्यापायी अमुक संस्थेला पैसे द्या. अंतराचा काही नियम नाही. कोणी ५ किलोमीटर चालून निधी जमवतं, कोणी ४२.१९५ किमीची फुल मॅरेथॉन धरतं, आणि ज्यांना तेवढ्यानं भागत नाही ते आयर्नमॅन करतात, म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वरून परत फुल मॅरेथॉन, सगळं मिळून १७ तासांत. मराठवाड्यात हा प्रकार अजून नवाच म्हणायचा. पळणाऱ्यांची इथं कधीच कमी नव्हती, पण पळून पैसे मागायचे हे काही लोकांच्या पचनी पटकन पडत नाही, आणि त्यामागं कारणंही आहेत, ती पुढं येतीलच.

कुठून आलं हे

या सगळ्यात पहिलं नाव घ्यायचं ते कॅनडाच्या टेरी फॉक्सचं. हाडाच्या कॅन्सरमुळं १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. १२ एप्रिल १९८० ला त्यानं कृत्रिम पायावर अख्खा कॅनडा पळत पार करायला सुरुवात केली, रोज साधारण एक मॅरेथॉन. प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर, एवढंच मागणं. १४३ दिवसांत ५,३७३ किमी झाले आणि थंडर बे गावाजवळ कॅन्सर फुप्फुसात गेल्याचं कळलं, तिथं दौड थांबली. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला, पण तोवर निधी २.४ कोटी डॉलरच्या वर गेला होता आणि देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण तेवढीच होती. कंपन्यांच्या जाहिराती अंगावर घ्यायला तो तयार नव्हता, हे फार कमी लोक सांगतात पण माझ्या मते लोकांनी विश्वास टाकला त्यात या गोष्टीचाही मोठा वाटा असणार.

लंडन मॅरेथॉन १९८१ ला सुरू झाली आणि तिथं हळूहळू संस्थांना राखीव जागा द्यायची पद्धत पडली, म्हणजे तुम्हाला पळायला जागा हवी असेल तर संस्थेसाठी ठराविक रक्कम उभी करायची. आजवर त्या एका शर्यतीतून १०० कोटी पौंडाच्या वर पैसा समाजकार्याला गेलाय. अमेरिकेत १९८८ मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलीच्या बापानं ३८ जणांची टीम न्यूयॉर्क मॅरेथॉनला उतरवली आणि ३,२२,००० डॉलर जमवले, त्यातून टीमनं सराव करायचा आणि टीमनंच निधी जमवायचा हा पायंडा पडला. आणि कोविडच्या लॉकडाऊनमध्ये इंग्लंडचे कॅप्टन टॉम मूर, वय ९९, वॉकर धरून स्वतःच्या अंगणात १०० फेऱ्या मारायला निघाले. मागितले होते १,००० पौंड, जमले ३.२ कोटींच्या वर.

आपल्याकडं हे मुख्यतः मुंबई मॅरेथॉनमुळं माहीत झालं, २००४ पासून. दर जानेवारीत तिथं संस्थांच्या नावानं चॅरिटी बिब (बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबर) असतात, साध्या रजिस्ट्रेशनच्या जागा संपल्या की लोक त्या बिबकडं वळतात, आणि कोट्यवधी रुपये जमतात. सायकलमध्ये नाशिकच्या महाजन बंधूंचं नाव घ्यायला पाहिजे, दोघंही डॉक्टर, २०१५ ला अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची रॅम ही साधारण ४,८०० किमीची शर्यत दोघांच्या टीमनं पूर्ण केली आणि त्याला आदिवासी भागातल्या डोळ्यांच्या उपचारांची जोड दिली होती.

मराठवाड्यात का अडतं

चालणाऱ्या माणसाला दान द्यायचं हे इथं कोणाला शिकवायची गरज नाही. विनोबांची भूदान यात्रा १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत सुरू झाली, ते गाव तेव्हाच्या हैदराबाद राज्यातलं आणि मराठवाडा १९५६ पर्यंत त्याच राज्यात. त्यानंतर विनोबा वर्षानुवर्षं पायी फिरले आणि लोकांनी लाखो एकर जमीन लिहून दिली. त्यातली पुष्कळ खडकाळ निघाली, काही वादात अडकली, काही वाटलीच गेली नाही, हेही खरं, म्हणजे दान उभं करणं एक काम आणि ते पोचवणं दुसरं. वारीचं तर बोलायलाच नको. पैठणहून नाथांची पालखी निघते, शेगावहून गजानन महाराजांची पालखी परभणी, परळी, अंबाजोगाई करत जाते, वाटेतल्या गावात कोणी वारकऱ्याला उपाशी जाऊ देत नाही. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांचंही तसंच. त्यामुळं निधी-राइडवाली मंडळी गावात थांबली की चहा, पोहे, बसायला सतरंजी सगळं होतं. क्यूआर कोड पुढं केला की मात्र फोन खिशातून बाहेर यायला वेळ लागतो. कारण वारकरी पैसे मागत नाही, आणि हा मागायलाय, आणि कोणासाठी मागायलाय ते समोर दिसत नाही.

दुसरं कारण जरा अवघड आहे. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पहाटे थंडीत फडात उतरतात, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. ज्या गावात दमछाक हाच रोजगार आहे तिथं कोणी भारी बूट घालून हौसेनं दमायला आलं की म्हाताऱ्यांना प्रश्न पडतो, "कोणी मागं लागलंय का, पळायलास कशाला?" यात चेष्टा असते पण नुसती चेष्टा नसते. शहरातल्या ग्रुपनं ऊसतोड कामगारांच्या पोरांच्या शिक्षणासाठी पळायचं ठरवलं तर चांगलंच आहे, फक्त भाषणात ४२ किमीच्या कष्टाचं कौतुक त्या आईबापांसमोर करू नये एवढी अक्कल पाहिजे.

तिसरं म्हणजे इथं पळण्याचा अर्थच वेगळा. कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाचला रस्त्यावर पोरं-पोरी पळताना दिसतील, ती सगळी भरतीची. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि तिथं सेकंदावर नोकरी ठरते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे याच भागातला, शाळेला रोज सहा किलोमीटर पायी-पळत जाणारा, पुढं महार रेजिमेंटमध्ये गेला आणि ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे ओलांडत पळायची शर्यत) २०२२ च्या कॉमनवेल्थला रौप्य, २०२३ च्या एशियन गेम्सला सुवर्ण. परभणीची ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली. म्हणजे पळून घर वर काढायचं ही इथली रीत, दुसऱ्यासाठी पळायचं ते पोट भरल्यावर.

आणि खरं सांगायचं तर अंग मोडून समाजाचं काम करायची स्पर्धा मराठवाड्यानं आधीच करून दाखवलीय, फक्त तिला कोणी चॅरिटी चॅलेंज म्हटलं नाही. २०१६ हे साल आठवा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते. त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायच्या कामाची स्पर्धा, झाला, तीन तालुके निवडले त्यात आपलं अंबाजोगाई, आणि ४५ दिवस गावानं गाव रानात चर खोदत, बांध घालत होतं. तिथं घाम थेट कामाला लागत होता, मधे वर्गणीच नाही. चॅरिटी रनमध्ये घाम एकीकडं आणि काम दुसरीकडं, मधला दुवा फक्त पैशाचा, म्हणून तो दुवा मजबूत लागतो.

पैसे जमतात कसे

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे आयोजकांनी रजिस्ट्रेशन फी घ्यायची आणि टी-शर्ट, मेडल, नाश्ता, अँब्युलन्स यांचा खर्च वजा जाता उरेल ते संस्थेला द्यायचं. यात बहुतेक वेळा फार काही उरत नाही, हे पोस्टरवर कधी लिहीत नाहीत. दुसरा प्रकार किलोमीटरमागे कबुलीचा. समजा एकानं २०० किमीची ब्रेव्हे धरली (ब्रेव्हे म्हणजे ठराविक वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राइड, २०० ला साडेतेरा तास) आणि ४० जणांनी किमीला ५ रुपये कबूल केले तर ४०,००० होतात. दीडशेला पंक्चर-बिंक्चर होऊन राइड सुटली तर तेवढ्याच किमीचे धरायचे का सगळे, हे आधी बोलून ठेवलेलं बरं. तिसरा प्रकार ऑनलाइन पेजचा, केटो, मिलाप, गिव्ह इंडिया वगैरे, तिथं लिंक व्हॉट्सॲपवर फिरवता येते. काही ठिकाणी प्लॅटफॉर्मचा वाटा कापला जातो किंवा टिपच्या नावाखाली मागतात, ते बटण बघून दाबावं.

लोक का देतात यावर अभ्यास झालेत. ओलिव्होला आणि शफीर या दोघांनी २०१३ मध्ये दाखवलं की निधी जमवायला कष्ट, वेदना लागणार असतील तर लोक जास्त द्यायला तयार होतात, नुसती मजेची पिकनिक असेल तर कमी. लंडन मॅरेथॉनच्या निधी-पेजांवरच्या अभ्यासात दिसलं की आधीच्या माणसानं मोठी रक्कम टाकली की पुढचेही हात सैल सोडतात. त्यामुळं पहिले दोन देणगीदार घरातले, दिलदार मामा वगैरे असावेत, १०१ रुपयांनी खातं उघडलं की पुढं सगळी १०१ चीच रांग लागते.

रस्ता आणि ऊन

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा असले उद्योग करू नयेत, निधी कितीही चांगल्या कामाचा असू दे. पाण्याबरोबर मीठ पण जायला पाहिजे, नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून ओआरएस. सायकलवाल्यांना समृद्धी महामार्गावर परवानगी नाही. गेवराई, बीड, धाराशिव करत तुळजापूरकडं जाणाऱ्या धुळे-सोलापूर हायवेवर शोल्डर, म्हणजे कडेची मोकळी पट्टी, मिळतो, पण कारखाने सुरू असताना उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन बिनलाइटचे चालतात, तेव्हा रात्रीची राइड टाळलेली बरी. खुलताबादजवळच्या म्हैसमाळचा चढ सरावाला झकास.

हिशोब

इथंच बहुतेकांचं फसतं. पळणारा प्रामाणिक असतो पण पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेतो आणि नंतर एकरकमी संस्थेला टाकतो. मग ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती निघते पळणाऱ्याच्या नावानं, देणाऱ्याला काहीच नाही. त्यापेक्षा संस्थेच्याच खात्याचा कोड फिरवावा, देणाऱ्याचं नाव आणि पॅन संस्थेकडं गेलं की तिच्याकडून करसवलतीसाठी लागणारं १०बीई सर्टिफिकेट मिळतं. रोख २,००० रुपयांच्या वर दिलं तर सवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर तसंही नाही. गणपती मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी काढतात, तोच कायदा सार्वजनिक निधी गोळा करणाऱ्या पळणाऱ्या ग्रुपलाही आहे, पण हे ग्रुपवाल्यांच्या गावीही नसतं. संस्था निवडताना जवळची, जाऊन बघता येईल अशी निवडावी, शिरूर कासारजवळचं आर्वीचं शांतिवन किंवा औशाजवळचं हासेगावचं सेवालय अशी ठिकाणं लोकांच्या देणग्यांवरच उभी आहेत, देणाऱ्याला एखाद्या रविवारी तिथं जाऊन येता येतं.

हिशोबाकडं दुर्लक्ष झालं की काय होतं ते कॅप्टन टॉमच्याच बाबतीत दिसलं. त्यांनी जमवलेले पैसे आरोग्यसेवेच्या संस्थांना नीट पोचले, पण नंतर त्यांच्या नावानं निघालेल्या फाउंडेशनच्या कारभारावर तिथल्या चॅरिटी कमिशननं नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले, कुटुंबीयांनी स्वतःचा फायदा करून घेतला म्हणून. म्हाताऱ्याची काही चूक नसताना नावाला बट्टा लागला.

परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे घेताना अजून एक बघावं लागतं. तिकडं नोकरी करणारा भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ती परदेशी देणगी होते, मग संस्थेकडं एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी पाहिजे आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. गावाकडच्या बऱ्याच छोट्या संस्थांकडं ही नोंदणी नसते, तेव्हा लिंक फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी संस्थेला विचारून घ्यावं.